उजवा गाल प्रलंबित

माझ्या चेहऱ्याबद्दल चार जणांनी शपथेवर जे सांगितलं आहे, ते मी स्वतः टाइप केलेलं आहे. दोन प्रतींत, एकही चूक न करता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचता वाचता कोणाला माझी दया यायला लागली तर त्याने ती तिथेच आवरावी. दया मला बुकारामांगा शहरात घाऊक मिळालेली आहे आणि तिचा मला काडीचा उपयोग झालेला नाही.

मी नोटरीच्या कचेरीत मागच्या खोलीत बसतो. एकोणीस वर्षं. लोक पुढच्या खिडकीवर येतात, शपथ घेऊन काय सांगायचं ते सांगतात, आणि ते कागदावर उतरवायचं काम मागे माझ्याकडे येतं. अमुक बाई तमुक माणसाबरोबर सहा वर्षं एका छपराखाली राहते. अमक्याचं ओळखपत्र हरवलं. तमका अजून जिवंत आहे. हो, पेन्शनसाठी हेही शपथेवर सांगावं लागतं. नुसतं श्वास घेत समोर उभं राहून भागत नाही. जिवंत असल्याचा कागद मी आजवर हजारोंना करून दिला आहे, आणि त्यांतल्या एकानेही मला पाहिलेलं नाही, कारण मधे भिंत आहे.

तर पुढच्या खिडकीवरच्या सोइलाबाई तीन महिन्यांनी निवृत्त होणार असं कळलं. मी साहेबांकडे गेलो. साहेब म्हणजे खुद्द नोटरी, सेर्वान्दो रुएदा. म्हटलं, ज्येष्ठतेने खिडकी माझी. ते माझ्या हनुवटीकडे बघत राहिले. त्याच्या वर त्यांची नजर चढेना.

"खिडकी म्हणजे कचेरीचा चेहरा असतो, मान्तिया," ते म्हणाले.

आमच्या भागातली माणसं तोंडावर बोलण्याबद्दल देशभर बदनाम आहेत. बायको नवऱ्याला, बाप लेकाला, मालक कुत्र्याला, सगळे एकमेकांना 'तुम्ही'च म्हणतात आणि शिवीसुद्धा 'तुम्ही' लावूनच देतात. पण साहेब राजधानीत शिकलेले. तिथे माणसाला कापूस लावून मारायला शिकवतात.

मुद्दा असा की सोळाव्या वर्षी मला मुरुम आले आणि विसाव्या वर्षी ते खड्डे सोडून गेले. डाव्या गालावर चौदा, उजव्यावर अकरा. बारीक सारीक मी धरत नाही. कचेरीतही मला 'किसणी' म्हणतात. मायेनेच म्हणतात. आमच्याकडे जाड्याला जाड्या, टकल्याला टकल्या म्हणायचं आणि त्याने हसून ओ द्यायची, याला प्रेम समजतात. मी तेवीस वर्षं हसून ओ दिली. पण त्या दिवशी साहेबांच्या केबिनबाहेर आलो, शिपायाने 'किसणी, चहा?' विचारलं आणि मी त्याला ओ दिली नाही. चहाही घेतला नाही. चहाचं नुकसान माझंच झालं.

घरी बायकोला, ओतिलियाला, सांगितलं. तिने आमच्या इमारतीत कोणालाही सांगितलं नाही. फक्त पाचव्या मजल्यावरच्या ब्रिसेइदाबाईंना सांगितलं. ब्रिसेइदाबाई तीस वर्षं मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवत होत्या आणि निवृत्तीनंतर त्यांना शिकवायला कोणी उरलेलं नाही, म्हणून त्या आम्हाला शिकवतात. त्यांनी आधी पपईची साल सांगितली. मग कच्च्या बटाट्याचा रस. मग गुळाचा पाक कोमट करून गालांवर थापायचा आणि दुपारी तासभर पडून राहायचं. मी पडून राहिलो. डोळा लागला. आम्ही लोक मोठ्या बुडाच्या मुंग्या भाजून शेंगदाण्यासारख्या खातो हे सगळ्या देशाला ठाऊक आहे. त्या दुपारी मुंग्यांनी उट्टं काढलं.

मुंग्यांमुळे शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे जाणं झालं, एवढं श्रेय मी ब्रिसेइदाबाईंना देतो.

डॉक्टर ओर्दोन्येसबाई तरुण होत्या आणि त्यांनी माझ्याकडे बघताना नजर फिरवली नाही. गाल दोन बोटांनी ताणला, तिरका दिवा मारला आणि म्हणाल्या की यात वरून काही लावून उपयोग नाही. गादीला जागोजागी टाके मारले की ती तिथे दबते ना, तसे कातडीखाली धागे तयार झालेत आणि ते खड्ड्यांना आत ओढून धरतात. बाजूने एक सुई आत घालायची, ते धागे कापायचे, कातडी वर येते. चिरफाड नाही, भरती होणं नाही, आणि अशा तीन बैठका. मला एवढा आनंद झाला की काय सांगू. तेवीस वर्षं मी समजत होतो की माझ्या चेहऱ्यात काहीतरी कमी आहे. आणि ही बाई सांगत होती की नाही, धागे जास्त आहेत.

त्यांनी लेखी शिफारस दिली. आरोग्य विम्याच्या कंपनीने ती आठ दिवसांत परत पाठवली. शेरा एका शब्दाचा: 'सौंदर्यविषयक'.

मला सौंदर्याशी जोडणारा हा आयुष्यातला पहिला कागद.

इथे तिसऱ्या मजल्यावरचे तिबेरियोकाका येतात. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस तुतेलांवर जगतो. तुतेला म्हणजे आमच्या देशातली अशी अर्जी, की कोणत्याही नागरिकाने उठावं, आपल्या मूलभूत हक्कावर गदा आली असं साध्या कागदावर लिहावं आणि न्यायाधीशासमोर ठेवावं. वकील नको, दहा दिवसांत निकाल. काकांनी आजवर अकरा केल्या आणि नऊ जिंकल्या. खुब्याचं हाड, कानाचं यंत्र, फुटपाथवरचा उतार, शेजारच्या गच्चीवरचा कोंबडा. हरलेल्या दोनांचं नाव काढलं तर ते जेवत नाहीत.

त्यांनी माझा कागद वाचला आणि त्यांचे डोळे चमकले. म्हणाले, मानवी प्रतिष्ठा. प्रतिष्ठेचा हक्क. तुमच्या चेहऱ्यामुळे तुमची बढती अडली आहे. फक्त चेहरा किती वाईट आहे हे सिद्ध करावं लागेल. म्हटलं, फोटो लावू. काका म्हणाले, फोटो खोटा पडतो. शपथेवरचे साक्षीदार हवेत. नोटरीसमोर.

आता शहरात नोटरी कचेऱ्या पुष्कळ आहेत. पण काकांचं म्हणणं, आपल्या माणसाच्या कचेरीत काम लवकर होतं. ते मंगळवारी सकाळी साक्षीदारांची वरात घेऊन आमच्याच कचेरीत आले: स्वतः काका, ब्रिसेइदाबाई, माझा न्हावी एव्हेलिओ, आणि ओतिलिया. मी साहेबांना विनंती केली की हे चार कागद दुसऱ्या कोणाला टाइप करू द्या. साहेब म्हणाले की क्रमाने जे येईल ते करायचं, आणि शिवाय तुमच्याइतका वेग कोणाला नाही.

मी टाइप केलं.

ओळखीचे म्हणून चौघं थेट मागे माझ्या टेबलाशीच आले. एव्हेलिओ म्हणाला, मी अठरा वर्षं या गालांवर वस्तरा चालवतो आहे, आणि तो चालत नाही, डोंगर चढतो-उतरतो. ब्रिसेइदाबाईंनी आधी मी सज्जन असल्याचं सांगितलं, कर्ता-कर्म-क्रियापद नीट लावून, आणि मग सांगितलं की लिफ्टमध्ये माझ्यासमोर उभं राहावं लागलं तर त्या मजल्यांचे आकडे बघत राहतात. तिबेरियोकाकांनी घरून लिहूनच आणलं होतं. 'सदरहू चेहरा माणसांत दाखवण्याजोगा राहिलेला नाही.' मी विचारलं, काका, एवढं? ते म्हणाले, न्यायाधीश निम्मं कापून धरतात, म्हणून दुप्पट लिहायचं.

शेवटी ओतिलिया बसली. पर्स मांडीवर नीट ठेवली. मग म्हणाली की आमच्या घरात या माणसाचा एकही फोटो नाही. मुलीच्या बारशाचा नाही, शाळा संपली त्या दिवसाचा नाही. दर वेळी कॅमेरा यांच्याच हातात असतो. मुलगी लहानपणी म्हणायची, बाबा तेव्हा नव्हते का?

माझी बोटं थांबली. मी म्हटलं, हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत.

"आता शपथेवर बोलतेय," ती म्हणाली. "टाइप करा."

नियम असा आहे की सही करण्याआधी कागद मोठ्याने वाचून दाखवायचा. हे काम सोइलाबाईंचं. एकतीस वर्षं काचेपलीकडून ओरडून ओरडून त्यांचा आवाज रस्त्यावरच्या पेरूवाल्याला लाजवील असा झालेला आहे. चारही कागद त्यांनी एका दमात वाचले आणि रांगेतल्या तीस-चाळीस लोकांनी ते ऐकले. एकाने मान वाकवून दारातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, एवढा काही वाईट नाही हो. दुसऱ्याने त्याला सांगितलं, उजेडात बघा. दोघांची जुंपली. तिबेरियोकाका पहिल्या माणसाच्या अंगावर धावून गेले, की गप्प बसा, तुम्ही आमची केस बिघडवताय. मी दार लावून घेतलं. एकोणीस वर्षांत त्या दाराला कडी आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

नवव्या दिवशी निकाल आला. आम्ही जिंकलो. विमा कंपनीने अठ्ठेचाळीस तासांत उपचार मंजूर करावेत. न्यायाधीशांनी निम्मं कापलं नाही. काकांचं वाक्य जसंच्या तसं निकालपत्रात घातलं, अवतरणचिन्हांसकट. काकांनी त्याची प्रत चौकट करून लावली. आमच्या इमारतीच्या जिन्यात. तिसऱ्या मजल्यावर.

मग सुई. चेहरा बधिर करतात, त्यामुळे दुखत नाही. पण ऐकू येतं. कच्चा पेरू चावल्यासारखा करकर आवाज, आणि तो कानातून येत नाही, कवटीच्या आतून येतो. डॉक्टरबाई सुई आडवी फिरवत होत्या आणि एकेक धागा तुटत होता. मला वाटलं, माणसाच्या तोंडावर इतके दोर बांधलेले असतात आणि तो वर्षानुवर्षं हसायचा प्रयत्न करत असतो. तेवढ्यात त्या थांबल्या. डावा गाल झाला होता. नर्सने कागद पुढे केला. मंजुरीत लिहिलं होतं: 'नग: एक.'

नर्सने विमा कंपनीला फोन लावला. पंचवीस मिनिटं वाद्यसंगीत. मी आडवा, अर्धा बधिर, अर्धा जिवंत. मग एका मुलीने अतिशय गोड आवाजात समजावलं की यंत्रणेत एक गाल म्हणजे एक नग असतो. संपूर्ण चेहरा हवा असेल तर दोन नग. कपाळ वेगळं. डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि नाक? मुलगी म्हणाली, नाकासाठी दुसरा विभाग आहे, जोडून देऊ का?

उजव्या गालासाठी नवा अर्ज. तारीख अकरा आठवड्यांनंतरची.

डावा गाल सुजला. आधी वांग्यासारखा जांभळा, मग हिरवा, मग पिवळा. त्या बारा दिवसांत इमारतीत असं पसरलं की ओतिलियाने मला मारलं. ब्रिसेइदाबाईंनी ते नाकारलं नाही. लिफ्टमध्ये बायका ओतिलियाला आधी आत जाऊ द्यायला लागल्या. तीही आधी जायची. तिला ते आवडलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगायला तयार आहे.

आणि मग सूज उतरली, आणि खरंच सांगतो, गाल वर आला होता. सगळा नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, चाळीस टक्के, आणखी वाढेल. पण मी बोट फिरवलं आणि बोट अडखळलं नाही. आरशासमोर मी डावीकडून स्वतःला बराच वेळ बघितलं. डावीकडून मी एक बरा माणूस होतो. मग समोरून बघितलं. उजवा गाल होता तसाच होता, पण आता शेजारी तुलना आली होती. एकाच भिंतीला अर्धा रंग दिल्यावर उरलेली अर्धी जशी दिसते तशी.

तिबेरियोकाकांनी ताबडतोब न्यायालयाच्या अवमानाचा अर्ज केला. विमा कंपनीने उत्तर दिलं की रुग्णाचा चेहरा पूर्ण सुधारला आहे, सोबत फोटो. फोटो डावीकडून काढलेला. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूंकडून आणखी पुरावे मागवले. काका म्हणाले, पुन्हा चार साक्षी. या वेळी लिहायचं की उजवा गाल डाव्यामुळे अधिकच खालावला आहे. त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज मी कोंबड्याच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

नेमक्या त्याच आठवड्यात सोइलाबाईंचा निरोप-समारंभ झाला. केक कापला, रडारड झाली, आणि साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर माझ्या केसचे कागद होते. मंगळवारचे चारही.

"मान्तिया, हा शिक्का कोणाचा?"

"आपला, साहेब."

"आणि त्याच्या वर काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं. 'सदरहू चेहरा माणसांत दाखवण्याजोगा राहिलेला नाही.'

साहेब म्हणाले की मला वैयक्तिक काही अडचण नाही. सुधारणा दिसते आहे, डावीकडून तर विशेष. पण माझ्या कचेरीत, माझ्या सहीशिक्क्याने, हा चेहरा माणसांत दाखवण्याजोगा नाही असं प्रमाणित झालेलं आहे. न्यायालयाने ते उचलून धरलं आहे. आता तोच चेहरा मी पुढच्या खिडकीत बसवला तर माझा शिक्का खोटा ठरतो. तुम्ही साक्षीदारांकडून उलट प्रतिज्ञापत्र आणा. मग बघू.

मी त्याच दुपारी चौघांकडे गेलो. एव्हेलिओ म्हणाला, शपथ एकदाच घेतो, उलटी घेत नाही, आमच्या आईची शिकवण आहे. ब्रिसेइदाबाईंना खोट्या साक्षीची शिक्षा किती वर्षांची हे पाठ होतं. तिबेरियोकाका तर उखडलेच: अवमानाचा अर्ज चालू असताना चेहरा बरा झाला म्हणायचं, म्हणजे त्यांची बारावी तुतेला बुडवायची. ओतिलिया म्हणाली की तिने चेहऱ्याबद्दल काही सांगितलंच नव्हतं, फोटोंबद्दल सांगितलं होतं. आणि फोटो अजून एकही नाही.

म्हणजे हिशोब असा झाला: न्यायालयासाठी माझा चेहरा वाईट राहायला हवा आणि कचेरीसाठी चांगला व्हायला हवा, आणि दोन्हींचा पुरावा मीच टाइप करायचा. मी शिकलेला माणूस नाही. जे काही येतं ते दुसऱ्यांचे कागद टाइप करता करता आलेलं आहे. पण त्या संध्याकाळी मला खरोखर राग आला, आणि राग आला की मला वाक्यं सुचतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न विचारता साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, आपला शिक्का खरंखोटं सांगत नाही," मी म्हटलं. "अमुक माणूस आपल्यासमोर आला आणि असं असं बोलला, एवढंच सांगतो. तो खरं बोलला का, हे आपण कधीच लिहीत नाही. प्रत्येक कागदाच्या तळाशी ती ओळ असते. एकोणीस वर्षं ती ओळ मीच टाइप करतोय. मागच्या वर्षी एकाच बाईबरोबर सहा वर्षं एका छपराखाली राहिल्याचं दोन वेगवेगळ्या पुरुषांनी एकाच दिवशी सांगितलं. दोघांनाही आपण शिक्का दिला. तेव्हा आपला शिक्का कुठे खोटा ठरला? माझ्याच तोंडावर तो बरा खरा ठरतो."

साहेबांनी कागद उलटा केला. तळाची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच वाचत असावेत. मग ते माझ्याकडे बघायला लागले, हनुवटीच्या वर, थेट. आणि मलाच कसंतरी झालं.

"सोमवारपासून बसा," ते म्हणाले. "खुर्ची जरा तिरकी लावा. डावा गाल रांगेकडे."

मी खुर्ची तिरकी लावली. खोटं कशाला सांगू? ओतिलियाने शर्टाला इस्त्री करून दिली होती, एव्हेलिओने फुकट दाढी केली होती, आणि मी सोमवारी सकाळी आठ वाजता डावा गाल पुढे करून खिडकीत बसलो, नाण्यावरच्या राजासारखा. पहिली आली ती एक म्हातारी, जिवंत असल्याचा कागद घ्यायला. तिने ओळखपत्र सरकवलं, बोट यंत्रावर टेकवलं, आणि तिची नजर माझ्या उजव्या हाताकडे. हातात शिक्का होता. शिक्का वर गेला तशी तिची नजर वर गेली, खाली आला तशी खाली आली. कागद उचलला आणि गेली.

दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याचंही. दहा वाजेपर्यंत माझी मान आखडली, म्हणून खुर्ची सरळ केली. कोणाला कळलं नाही. अकरा वाजता मी चिडून उजवा गाल पुढे केला, अकराच्या अकरा खड्ड्यांसकट, दिव्याच्या बरोबर खाली. एक जण पचकला नाही. खिडकीतल्या माणसाला चेहरा नसतोच. त्याला एक हात असतो आणि त्या हातात शिक्का. ही गोष्ट सोइलाबाईंना एकतीस वर्षं माहीत होती आणि त्यांनी मला सांगितली नाही. साहेबांना माहीत नव्हती, कारण ते कधी खिडकीत बसलेले नाहीत. आणि मी चार शेजाऱ्यांना शपथ घ्यायला लावली, न्यायाधीशाला कामाला लावलं, मुंग्यांना जेवू घातलं, कवटीत पेरू ऐकला.

साडेअकराला एक गाडीवाला आला, गाडी विकल्याचा कागद घेऊन. त्याचीही नजर शिक्क्यावर. माझं डोकं फिरलं.

"वर बघा," मी म्हटलं.

"काय?"

"वर. माझ्याकडे बघा. कोर्टाच्या हुकमाने दुरुस्त केलेला चेहरा आहे हा. अर्धा झालाय, अर्धा प्रलंबित आहे. निदान बघा तरी."

त्याने वर बघितलं. सावकाश, आधी डावा गाल, मग उजवा, मग पुन्हा डावा, जुन्या गाडीचा पत्रा बघावा तसा. तो बघत होता तोवर मी मान ताठ ठेवून, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून, सवयीने शिक्का मारला.

"बघितला," तो म्हणाला. "आता तुम्ही जरा खाली बघा. उलटा मारलात."